आधी पेलणं, मग ओढणं: जड ट्रेलरसाठी गॅस ट्रक निवडताना

गणपतीच्या आरतीनंतर हॉलबाहेरच्या पार्किंगमध्ये एक तरुण प्रसादाची वाटी हातात घेऊन माझ्या ट्रकभोवती दोन चकरा मारून आला. म्हणाला, "काका, डिझेल नाही घेतलंत? मग एवढा ट्रेलर आयसेनहॉवर बोगद्यापर्यंत चढतो तरी का?"

चढतो. उजव्या लेनमधून, ताशी पंचेचाळीस मैलांनी, इंजिन साडेचार हजार आरपीएमवर ओरडत चढतो. पण चढतो.

त्याचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: "मग मी कुठला घेऊ?" उत्तर देण्याआधी मी त्याला त्याच्याच ट्रकचं दार उघडायला लावलं. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

दोन गोष्टी आधी सांगतो. मी कोलोरॅडोत राहतो, तो आयसेनहॉवर बोगदाही इथल्याच डोंगरांतला, तेव्हा घाट आणि उंची यांवर माझा जीव जरा जास्तच आहे. फ्लोरिडात राहणाऱ्यांनी तो भाग भरभर वाचला तरी चालेल. दुसरं, अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात, म्हणून मीही गॅस ट्रकच म्हणणार आहे. सिलिंडर आठवू नका. आणि ट्रक म्हणजे मागे उघडा हौदा असलेला पिकअप. आणि जड ट्रेलर म्हणजे पंचवीस ते बत्तीस फुटी, भरल्यावर सात ते बारा हजार पौंडांचा, आत बिछाने, स्वयंपाकघर आणि संडास असलेला.

दारातला स्टिकर

चालकाचं दार उघडलं की चौकटीवर पिवळी-पांढरी पट्टी दिसते. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नका, असं एक वाक्य तिच्यावर असतं. हा त्या ट्रकचा पेलोड, म्हणजे तो पाठीवर किती पेलू शकतो ते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या ट्रकचा नव्हे. तुमच्यासमोर उभ्या असलेल्या, सनरूफ आणि चामड्याच्या गरम होणाऱ्या सीट घेतलेल्या याच ट्रकचा. प्रत्येक चैनीची वस्तू या आकड्यातून वजा झालेली असते. म्हणूनच सगळ्यात साधा, कामगारांच्या वापरातला ट्रक सगळ्यात जास्त पेलतो आणि लाखभर डॉलरचा दिमाखदार ट्रक त्याच्यापुढे कधी कधी मान खाली घालतो.

जाहिरातीत हा आकडा सहसा नसतो. तिथे असतो ओढायचा आकडा: अकरा हजार, तेरा हजार, चौदा हजार पौंड. तो खोटा नाही. एसएई जे-२८०७ नावाचं एक प्रमाण आहे, त्यानुसार तो काढतात. ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळचा लांबलचक चढ, अंगाची लाही करणारा उन्हाळा, एसी पूर्ण चालू, आणि तरी मागे एकच चाकजोडी असलेल्या ट्रकने ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये. चाचणी कडक आहे, तिला नावं ठेवायला जागा नाही. पण त्या हिशेबात ट्रकमध्ये बसलेले असतात दोघे, प्रत्येकी दीडशे पौंडांचे. मागच्या सीटवर मुलं नाहीत, सायकली नाहीत, कुत्रा नाही, जनरेटर नाही, आणि तांदळाची वीस पौंडी पिशवी तर नाहीच.

आता आपला संसार मांडू. आईवडील आणि दोन मुलं: ५०० पौंड. मागच्या हौद्यात सायकली, जनरेटर, सरपण, बर्फाची पेटी: २०० पौंड. वजन वाटून देणारं हिच, म्हणजे ट्रक आणि ट्रेलर जोडणारा सांधा: ९० पौंड. ट्रेलर भरून ८,६०० पौंडांचा, आणि त्यातला साधारण १३ टक्के भार ट्रकच्या हिचवर येतो, म्हणजे १,१२० पौंड. बेरीज १,९१० पौंड.

हाफ-टन, म्हणजे यातल्या सगळ्यात हलक्या वर्गातल्या, बऱ्यापैकी सजवलेल्या ट्रकच्या दारात मला अनेकदा १,४००-१,५०० च्या आसपासचा आकडा दिसला आहे. समजा १,४८०. जाहिरात म्हणते अकरा हजार ओढेल, ट्रेलर तर जेमतेम साडेआठ हजारांचा आहे, आणि तरी तुम्ही ४३० पौंडांनी जास्त झालात. ओढायची ताकद संपायच्या कितीतरी आधी पेलायची ताकद संपते. ट्रक घ्यायला निघालेल्या शंभरातल्या नव्वदांना हे पहिल्या सहलीनंतर कळतं. त्या नव्वदांत मीही होतो.

ट्रेलरचं वजन कोणतं धरायचं

विक्रेता सांगेल ते कोरडं वजन विसरून जा. कोरडा ट्रेलर कोणी वापरत नाही. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं, म्हणजे चाळीस गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड वाढले. त्यात बॅटऱ्या, प्रोपेनच्या दोन टाक्या, भांडी, गाद्या, कुकर. ट्रेलरच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर एक पट्टी असते, तिच्यावर जीव्हीडब्ल्यूआर छापलेला असतो: भरल्यावर जास्तीत जास्त इतकंच वजन. हिशेब त्या आकड्यावर करा. घरी पोचेपर्यंत तुम्ही त्याच्या जवळ जाऊन ठेपणारच.

हिचवर किती भार यावा? साध्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के. फिफ्थ व्हील, म्हणजे हौद्याच्या मधोमध बसणारा दुमजली मानेचा ट्रेलर, त्याला २० टक्क्यांच्या आसपास.

हा भार कमी केला तर ट्रक सुटला, असं वाटतं ना? माझं बालपण उसाच्या पट्ट्यात गेलं. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त माल पडला की गाडी उलळते; जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं आणि गाडी बैलांच्या ताब्यात राहत नाही. गाडीवान मग दोन पोती उचलून पुढे टाकतो. ट्रेलरचं तसंच आहे. हिचवर दहा टक्क्यांपेक्षा कमी भार आला की तो उलळतो, आणि हायवेवर उलळलेला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. उलट भार फार झाला की ट्रकचा मागचा भाग बसतो आणि पुढची चाकं हलकी होतात. साखर कारखान्याच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं चढावर उचललेली ज्याने पाहिली आहेत, त्याला हे वेगळं समजवायला नको.

वायोमिंगमधली सकाळ

माझा पहिला ट्रक हाफ-टन होता. विक्रेत्याने अकरा हजार म्हटलं आणि मी सही केली. लॅरमीच्या पुढे आय-८० वर एल्क माउंटनच्या बाजूला वारा कसा असतो ते तिकडून गेलेल्यांना माहीत आहे. एक अठरा चाकी शेजारून पुढे गेला, त्याने आधी आम्हाला बाहेर ढकललं, मग आत ओढलं, आणि आरशात ट्रेलर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दिसायला लागला. तिसऱ्या झोक्याला माझ्या हातातलं स्टिअरिंग निव्वळ शोभेचं झालं होतं.

अशा वेळी पाय ब्रेकवर जातो आणि तिथेच गफलत होते. करायचं ते असं: ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, झोक्याच्या मागे धावू नका, आणि डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरचा हाताने दाबायचा खटका दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागून ताणला जातो आणि सरळ होतो. मला हे वाचून माहीत होतं म्हणून निभावलं. पुढच्या विश्रांतीच्या जागी थांबलो तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "विकायचं काय, ट्रक की ट्रेलर?"

ट्रक विकला.

कोणत्या वर्गाचा

हाफ-टन, थ्री-क्वार्टर-टन, वन-टन ही नावं जुन्या काळातली आहेत. आज हाफ-टन ट्रकही अर्ध्या टनापेक्षा पुष्कळ जास्त पेलतो. नावं विसरा, आकडे ओळखा: १५०, १५०० म्हणजे पहिला वर्ग, २५०, २५०० दुसरा, ३५०, ३५०० तिसरा.

भरलेला ट्रेलर सहा-साडेसहा हजारांपर्यंत असेल तर पहिल्या वर्गातला नीट निवडलेला ट्रक पुरतो. फोर्ड एफ-१५० चं ३.५ लिटर इकोबूस्ट इंजिन ४०० हॉर्सपॉवर आणि ५०० पौंड-फूट टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं. टॉर्कच्या बाबतीत ते दुसऱ्या वर्गातल्या आठ सिलिंडरी गॅस इंजिनांनाही मागे टाकतं, आणि दोन टर्बो असल्यामुळे उंचीवर कमी दमतं. म्हणजे इंजिन भक्कम, कमी पडते ती पाठ. कोणी पहिल्या वर्गाचाच हट्ट धरला तर मी सांगतो, जास्त पेलोडचं पॅकेज असलेला शोधा. असे ट्रक विक्रेत्याच्या लॉटवर क्वचित मिळतात, बहुधा ऑर्डरच द्यावी लागते.

सात हजारांच्या वर गेलात की दुसरा वर्ग. इथे गॅस इंजिनवाल्या ट्रकच्या दारात २,८०० ते ३,५०० असे आकडे दिसतात. माझ्या आताच्या ट्रकचा ३,०५० आहे. वरचे १,९१० वजा करा, अकराशे चाळीस शिल्लक. जाडजूड टायर, मोठे ब्रेक, भक्कम फ्रेम आणि नुसतं स्वतःचं वजन, या सगळ्याने वाऱ्यात जो फरक पडतो तो कागदावर सांगता येत नाही.

बारा हजारांच्या फिफ्थ व्हीलचं मात्र गणित करून पाहा. २० टक्के म्हणजे २,४००, हिच १५०-२००, माणसं ५००, सामान. तीन हजार पन्नास ओलांडलेच. तिथे तिसरा वर्ग घ्या. मागे दुहेरी चाकं लागतीलच असं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या किमतीतला फरक एवढा कमी असतो की फिफ्थ व्हीलचा विचार मनात असेल तर थेट तिसराच घ्यावा, असं माझं मत आहे.

डिझेल का नाही

डिझेलची ताकद नाकारण्यात अर्थ नाही. आजच्या मोठ्या डिझेल इंजिनांचा टॉर्क हजार पौंड-फुटांच्या वर गेला आहे, गॅस इंजिन त्याच्या निम्म्यावरही कष्टाने पोचतं. पंधरा हजारांचा ट्रेलर घेऊन वर्षभर भटकणार असाल, किंवा घोडे, गुरं, यंत्रसामग्री वाहून पोट भरत असाल तर डिझेल घ्या आणि हा लेख इथेच सोडा.

बाकीच्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, डिझेल इंजिन जड असतं, आणि ते वजन पेलोडमधून जातं. दुसऱ्या वर्गातल्या पुष्कळ ट्रकचं भरल्यावरचं कमाल वजन १०,००० पौंडांवर बांधलेलं असतं, त्यामुळे तोच ट्रक डिझेलमध्ये घेतला की दारातला आकडा कित्येकशे पौंडांनी उतरतो. दोन हजारांच्या आसपास आलेले मी पाहिले आहेत. म्हणजे दहा-बारा हजार डॉलर जास्त देऊन ओढायची ताकद विकत घ्यायची आणि पेलायची घालवायची.

दुसरी गोष्ट पैसे. माझ्यासारख्याचं वर्ष धरू: ५,००० मैल ट्रेलरसह, ८,००० मैल मोकळा. ट्रेलरसह गॅस ट्रक गॅलनला ९ मैल, डिझेल १२; मोकळे १४ आणि १७. गॅस ३.२० डॉलर आणि डिझेल ३.८० डॉलर गॅलन धरलं, तर डिझेलने वर्षाला वाचतात साधारण २३५ डॉलर. दहा हजार डॉलर वसूल व्हायला चाळीस वर्षांहून जास्त. डिझेल ट्रक विकताना किंमत चांगली येते हे खरं; पण मधल्या काळात एक्झॉस्टमध्ये फवारायचं डीईएफ, डिझेल फिल्टर, दुपटीच्या जवळ जाणारं इंजिन ऑइल, आणि वॉरंटी संपल्यावर धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत बिघाड झालाच तर त्याचं बिल. तुमच्या गावचे भाव आणि तुमचे मैल टाकून हे गणित स्वतः करा. मैल मनातले धरू नका, गेल्या वर्षी खरोखर झालेले धरा.

एका बाबतीत मात्र मला डिझेलवाल्यांचा हेवा वाटतो. ते मोठ्या ट्रकच्या रुंद पंपावर सरळ आत, सरळ बाहेर. मी गाड्यांच्या पंपावर तीस फुटी ट्रेलर घेऊन वळताना कुणाच्या तरी बंपरकडे बघत घाम पुसत असतो. आणि ९ मैलांनी चौतीस गॅलनची टाकी म्हणजे कागदावर तीनशे मैल, पण अडीचशेच्या आत पंप शोधायला लागावं.

इंजिनं आणि गिअर

दुसऱ्या वर्गात आज तीन घराण्यांची गॅस इंजिनं आहेत.

फोर्डचं ७.३ लिटर व्ही-८ २०२० साली आलं. लोक त्याला गॉडझिला म्हणतात. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, जुन्या पद्धतीचे पुशरॉड, पोर्ट इंजेक्शन, टर्बो नाही. ४३० हॉर्सपॉवर, आणि टॉर्क आधी ४७५, २०२३ पासून ४८५ पौंड-फूट. बरोबर दहा गिअरचा ऑटोमॅटिक. २०२३ ला त्याचंच धाकटं भावंड ६.८ लिटर आलं, ४०५ हॉर्सपॉवर आणि ४४५ पौंड-फूट. घाटात राहणाऱ्याने मोठंच घ्यावं.

जीएमचं, म्हणजे जनरल मोटर्सचं, ६.६ लिटर, सिल्व्हराडो आणि सिएराच्या २५०० मध्ये, हेही २०२० चं. ४०१ हॉर्सपॉवर, ४६४ पौंड-फूट. इंजिन चांगलं, पण २०२३ पर्यंत त्याच्या जोडीला सहाच गिअर होते. २०२४ पासून दहा गिअरचा ॲलिसन गिअरबॉक्स आला आणि ट्रकचा स्वभावच बदलला. वापरलेला घेणाऱ्याने हे साल लक्षात ठेवावं: चढावर सहा गिअरमधली अंतरं मोठी पडतात, एक गिअर वर टाकला तर दम लागतो, खाली टाकला तर किंचाळतो.

रॅम २५०० मध्ये ६.४ लिटर हेमी, २०२४ पर्यंत ४१० आणि २०२५ पासून ४०५ हॉर्सपॉवर, ४२९ पौंड-फूट, आठ गिअर. टॉर्क तिघांत कमी. पण रॅम २५०० ला मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, त्यामुळे मोकळा ट्रक सगळ्यात मऊ चालतो. जे रोज ऑफिसला जातात आणि महिन्यातून एकदा ट्रेलर लावतात त्यांना याचं महत्त्व कळेल. पाठ भरली की तो इतरांपेक्षा जरा जास्त बसतो, हे त्याच मऊपणाचं दुसरं टोक.

मला निवड करायला सांगितलं तर ७.३. पण तुमच्या गावात ज्याचं वर्कशॉप चांगलं, तोही निकष छोटा नाही.

मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ट्रक घेताना लोक विचारतच नाहीत, आणि नंतर बदलणं महाग. ३.५५, ३.७३, ४.१०, ४.३० असे आकडे असतात; मोठा आकडा म्हणजे ओढायला सोपं, मोकळं चालताना थोडं जास्त पेट्रोल. गॅस इंजिनाला ३.७३ च्या खाली जड ट्रेलर लावू नये. ७.३ ला ४.३० घ्या. एकाच ट्रकचा ओढायचा आकडा या एका दातेरी चाकामुळे काही हजार पौंडांनी वरखाली होतो. लॉटवर उभ्या ट्रकचं गुणोत्तर खिडकीवरच्या किंमतपत्रात छापलेलं असतं.

पेट्रोलचं एक. कोलोरॅडोत आणि आसपासच्या डोंगराळ राज्यांत पंपावर साधं म्हणून ८५ ऑक्टेन मिळतं. ट्रेलर मागे असताना ते घालू नका, किमान ८७ घाला. हेमीला कंपनी ८९ सुचवते. इकोबूस्टला जड ओढताना प्रीमियम.

घाट

टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. आयसेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे ४३० हॉर्सपॉवरचे तिथे २९० च्या आसपास उरतात. सिल्व्हरथॉर्न गावाकडून येणारा चढ ७ टक्क्यांपर्यंत जातो. माझा ट्रक आणि ट्रेलर मिळून १६,३०० पौंड. एवढं वजन ७ टक्क्यांवर नुसतं वर उचलायला ताशी ४५ मैलांना १३७ हॉर्सपॉवर लागतात, ६० मैलांना १८३. वारा आणि टायरचं घर्षण वेगळं, आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. म्हणून पंचेचाळीसला तो आरामात चढतो आणि साठला चढायचं नावच काढत नाही. दोष इंजिनाचा नाही. कोणाला साठनेच चढायचं असेल तर त्याने ते दहा हजार डॉलर खर्चावेत.

आरपीएमला घाबरू नका. गॅस इंजिनाची ताकद वरच असते, ७.३ चा टॉर्क चार हजारांवर सर्वाधिक होतो आणि हॉर्सपॉवर साडेपाच हजारांवर. साडेचार हजारांचा आवाज ऐकून पहिल्यांदा पोटात गोळा येतो, मीही पाय उचलला होता. पाय उचलला की गिअर वर जातो, दम तुटतो, पुन्हा खाली येतो, आणि या धावपळीत गिअरबॉक्स तापतो. टो-हॉलचं, म्हणजे ओझं ओढताना गिअर सांभाळणारं, बटण दाबा, वेग ठरवा आणि इंजिनाला ओरडू द्या. डोळा ठेवायचा तो गिअरबॉक्सच्या तापमानावर.

उतरताना बोरघाटातल्या ड्रायव्हरांचा नियम: ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक असतो, गॅसला नसतो, म्हणून उताराच्या आधीच वेग कमी करा आणि गिअर खाली घ्या. ब्रेक सारखे घासत ठेवू नका. वेग ठरवलेल्या आकड्याच्या पाच मैल वर गेला की ठाम दाबा, पाच मैल खाली आणा, सोडा, थंड होऊ द्या.

घेताना, विशेषतः वापरलेला

फोन काढा आणि दारातल्या दोन्ही पट्ट्यांचे, एक पेलोडची आणि दुसरी ॲक्सलच्या मर्यादांची, फोटो घ्या. विक्रेता बोलत असेल तर बोलू द्या. गाडीचा व्हीआयएन क्रमांक एनएचटीएसए या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणं, बाकी आहे का पाहा. हे नुसतं शास्त्र म्हणून करायचं नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये जीएमने ६.२ लिटर इंजिनांच्या बेअरिंग आणि क्रँकशाफ्टमुळे २०२१ ते २०२४ च्या सुमारे सहा लाख गाड्या परत बोलावल्या. त्याच्या आदल्या वर्षी टोयोटाने टुंड्रा आणि लेक्ससची मिळून लाखभर, इंजिनात यंत्रकामाचा कचरा राहिल्याबद्दल.

इंजिन थंड असतानाच चालू करून पाहा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिनात टकटक आवाज पहिल्या मिनिटात येतो, गरम झाल्यावर लपतो. खाली वाकून हिचचा चौकोनी रिसीव्हर बघा: आतला रंग किती घासला आहे त्यावरून ट्रकने किती ओढलं ते मालकापेक्षा खरं कळतं. हौद्यात बोल्टची भोकं दिसली तर तिथे फिफ्थ व्हील होतं. ओढलेला ट्रक वाईट नसतो, पण मग गिअरबॉक्सचं तेल केव्हा बदललं याची पावती मागा.

फॅक्टरीतून बसवलेला ब्रेक कंट्रोलर, ओढून बाहेर येणारे रुंद आरसे आणि सात पिनांचं सॉकेट हवंच. टायर लोड रेंज ई, म्हणजे जड भार पेलणारे.

जुपणी आणि वजनकाटा

वजन वाटून देणारं हिच बसवताना मोजपट्टी लागते. ट्रेलर लावण्याआधी पुढच्या चाकाच्या मधून वरच्या कमानीपर्यंतची उंची मोजा आणि चिकटपट्टीवर लिहून कमानीलाच चिकटवा. ट्रेलर टेकवा, पुन्हा मोजा. पुढचा भाग उचललेला असेल. आता हिचच्या दोन्ही बाजूंच्या सळया ताणून तो निम्म्याहून जास्त खाली परत आला पाहिजे. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावल्याशिवाय यातलं काही करू नका.

ब्रेकचा जोर मोकळ्या पार्किंगमध्ये ठरवा. ताशी पंचवीस मैलांना कंट्रोलरचा खटका दाबा. ट्रेलरची चाकं जाम होऊन घासली तर जोर एक पायरी कमी करा. ट्रेलरच्या टायरमधली हवा थंड असताना त्यांच्या कडेवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी भरा, आणि तो टायर किती वेगासाठी केला आहे तेही तिथेच वाचा. पुष्कळ ६५ मैलांचेच असतात. कॅलिफोर्नियात शिरलात की ट्रेलरवाल्यांना ५५ च्या वर परवानगीच नाही.

आणि मग भरलेल्या संसारासकट जवळच्या ट्रक स्टॉपवरचा कॅट स्केल, म्हणजे मोठ्या ट्रकचा वजनकाटा. पंधरा-वीस डॉलरच्या आत काम होतं, दुसरं वजन त्याहून स्वस्तात. फलाट तीन असतात: पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. तीनदा करा. सळया ताणून, सळया सैल करून, आणि ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसता ट्रक.

माझ्या पावत्या अशा आहेत. नुसता ट्रक, माणसं आणि सामानासह: पुढे ४,३००, मागे ३,४४०, एकूण ७,७४०. सळया सैल असताना: पुढे ३,९००, मागे ४,९६०, ट्रेलर ७,४८०. ट्रकची बेरीज ८,८६० झाली, त्यातून ७,७४० गेले, हिचवर १,१२०. सळया ताणल्यावर: पुढे ४,१६०, मागे ४,६००, ट्रेलर ७,५८०. पुढच्या चाकांवरून उठलेल्या चारशे पौंडांतले दोनशे साठ परत आले आणि शंभर ट्रेलरच्या चाकांवर गेले. मागच्या ॲक्सलची मर्यादा दारातल्या दुसऱ्या पट्टीवर असते, तिच्याशी शेवटचे आकडे ताडून पाहा.

त्या तरुणाच्या दारात १,३८२ होते. त्याच्या फोनवर ट्रेलरचा फोटो होता, जीव्हीडब्ल्यूआर ९,६००. त्याने वाटी बॉनेटवर ठेवली, तेरा टक्के काढले, मग बायकोला हाक मारून विचारलं, "अगं, तो बावीस फुटी होता ना, त्याची लिंक आहे का अजून?"